निलंग्याची गाठ

लातूर, ८ जानेवारी २०२४

जहांगीरभाई यांस,

मी गुरम्मा. नांदेडच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते आणि तुम्ही आमच्या प्रयोगशाळेत परिचर होतात. तुम्ही मला विसरला असाल असं वाटत नाही. बिलोलीत रेशीमधाग्याचं दुकान कोणतं, हे कळायला मला दोन फोन पुरले.

काम आहे म्हणून लिहिते आहे. कॉलेजातली संग्रहालयाची खोली या महिनाअखेरनंतर रिकामी करणार आहेत. तिथे संगणक बसणार. बरण्यांमधले प्राणी कुठे पकडले हे ज्यांच्याबाबत पक्कं सांगता येईल, ते ऋतुजा नावाची मुलगी आपल्या संशोधन संस्थेत नेईल. बाकीचे खड्ड्यात जातील. ऋतुजा हरणटोळांवर काम करते. तिला सतरा आणि अठरा नंबरच्या बरण्या हव्या आहेत. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण चिठ्ठ्यांवर अक्षर माझं आहे, म्हणून प्राचार्यांनी मला लातूरहून बोलावून घेतलं.

चिठ्ठ्यांप्रमाणे सतरा नंबरचा साप माहूरचा आणि अठरा नंबरचा निलंग्याचा. मीही तिला तेच सांगितलं. मग तिने साप बाहेर काढले, पाण्यात ठेवून मऊ केले आणि पोटाखालचे खवले मोजण्यासाठी वेटोळी सोडवली. शेपटीच्या मुळाशी, वेटोळ्याच्या आत, दोन्ही सापांना रेशमी धागा बांधलेला निघाला. सतरा नंबरला दोन गाठी, मग बोटभर जागा, मग एक गाठ. अठरा नंबरला चार गाठी सलग.

ती म्हणाली, "मॅडम, हे काय आहे?"

मी म्हटलं, "आमच्या परिचराची पद्धत."

"म्हणजे ठिकाणाची खूण का? चिठ्ठीशी जुळते?"

मी म्हटलं, विचारून सांगते. मला अशी सवय नाही.

त्या गाठींचा अर्थ उलट टपाली कळवावा. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

गुरम्मा

लातूर, २२ जानेवारी २०२४

जहांगीरभाई,

पाकीट परत आलं नाही, फोन आला. तुमची नात अर्शी. पोरगी चुणचुणीत आहे, पण फोनवर आधी आपलं नाव सांगावं हे तिला शिकवा.

"मॅडम, दादांनी पत्र वाचायला लावलं. दोनदा."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणले, म्हातारपणात गाठी इसरलो म्हणून सांग."

"ते विसरलेले नाहीत."

"हाव, मला बी तसंच वाटलं. मी म्हणलं, दादा, तुम्ही तर गिऱ्हाईकाची वीस वर्षांमागची उधारी इसरत न्हाई. तर मलाच रागावले."

विसरला नाहीत, तर रागावला आहात. ठीक आहे. पण तुमचा राग माझ्यावर आहे, सापांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. म्हणून सापांविषयी लिहिते, ते तरी वाचा.

आपण ज्याला नुसतं हरणटोळ म्हणत होतो, त्याची आता वाटणी झाली आहे. मी एकतीस वर्षं फळ्यावर 'अहेटुला नासुटा' लिहिलं. पाचसहा हजार पोरांनी ते पाठ करून मार्क मिळवले असतील. चार वर्षांपूर्वी संशोधकांनी ठिकठिकाणचे साप शेजारी ठेवून तपासले, आणि ते नाव आता फक्त श्रीलंकेतल्या सापाला उरलं. सह्याद्रीत एकाचे चार झाले. आपल्याकडच्या सपाटीवरच्या, लांब सोंडेच्या सापाला 'अहेटुला ऑक्सिरिंका' म्हणतात. नाव बदललं याचं मला वाईट वाटलं नाही. चुकीचं नाव टिकण्यापेक्षा बदललेलं बरं. पण या वाटणीमुळे एक झालं. पूर्वी 'हरणटोळ, मराठवाडा' एवढ्यावर भागत होतं. आता साप नेमका कोणत्या गावचा हे कळल्याशिवाय त्याला किंमत नाही. ठिकाण नसलेला साप म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणत होतात ते एक बरोबर निघालं. सतरा नंबरचा साप तपकिरी आहे. मी तेव्हा म्हटलं होतं, हिरव्याचा रंग बरणीत उडाला. तुम्ही म्हणालात, "न्हाई मॅडम, हिरवा निळा पडतो. ह्यो जित्तेपणीच तपकिरी होता." मी म्हटलं, जहांगीरभाई, पुस्तक मी वाचलंय. परवा अठरा नंबर उजेडात धरला. निळा आहे. पावसाळी ढगासारखा निळा. ऋतुजा म्हणाली की हिरव्यातला पिवळा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो आणि निळा मागे राहतो. तपकिरी मात्र तपकिरीच राहतो.

हे लिहून देण्यात मला कमीपणा वाटत नाही. तपासणी समितीच्या दिवशी जे झालं ते मात्र उगाळण्यात आता अर्थ नाही. गाठी कळवाव्यात.

गुरम्मा

नांदेड, २ फेब्रुवारी २०२४

जहांगीरभाई,

अर्शीचा पुन्हा फोन आला. मी तेव्हा प्रयोगशाळेतच होते. तुमचा निरोप तिने जसाच्या तसा सांगितला: "मॅडमचं पत्र अर्धं हाय. बाकीचं आलं की सही करतो."

सहीचं तुम्हाला कोणी सांगितलं? तिने ऋतुजाला परस्पर फोन केला म्हणे. हो, सही लागणार आहे. ऋतुजाच्या संस्थेचा नियम आहे: चिठ्ठी संशयास्पद असेल तर ज्याने प्राणी पकडला त्याचं लेखी निवेदन हवं. मी म्हटलं, चिठ्ठीवर 'संग्राहक' म्हणून माझं नाव आहे, मी देते. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः पकडला होता का, मॅडम?" मी आयुष्यात एकही साप हाताने पकडलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिलाही कळलं.

मोजणी पूर्ण झाली. मीही बसले. डोळे माझे अजून चांगले आहेत. धडाच्या मध्यावर खवल्यांच्या पंधरा रांगा, दोघांच्याही. पोटाचे खवले टाचणीने एकेक पुढे सरकत मोजले, प्रत्येकी तीनदा. सोंडेची लांबी, डोळ्यापुढचे खवले, सगळं सारखं. ऋतुजाचा निष्कर्ष: दोघेही एकाच जातीचे, लांब सोंडेचे. तपकिरी हे त्याच सापाचं दुसरं रूप. तुम्ही म्हणत होतात, "मॅडम, ह्याची जातच येगळी हाय." तर ती वेगळी नाही. अर्धे तुम्ही बरोबर होतात आणि अर्धी मी. एवढं मी टेबलावर हात आपटून म्हटलं, तर ऋतुजा म्हणाली, "पण अर्ध्यावर चिठ्ठी लिहिता येत नाही." आजकालच्या मुली फटकळ आहेत. मला आवडतात.

निलंग्याला मलप्पाला फोन केला. माझा भाऊ तुम्हाला आठवत असेल. त्याच्याच लिंबोणीवर साप निघाला होता आणि मी तुम्हाला पाठवलं होतं.

"मलप्पा, तो साप हिरवा होता का तपकिरी?"

"अक्का, रंग कोण बघत बसतंय? त्यो टाळूवर मारतोय म्हणतेत. मी डोक्याला टावेल गुंडाळून पळालो ते थेट घरात."

"तो टाळूवर मारत नाही. शाळेत किती वेळा सांगितलं."

"तू सांगितलंस, सापाला कोण सांगणार? पर तुझा माणूस लई धीराचा. काठी बी न्हाई घेतली. अव्वानं त्याला शेंगाचटणी-भाकर वाढली, तर म्हणला, आधी पोतं सावलीत ठेवतो, त्याला ऊन लागंल."

आई जाऊन बारा वर्षं झाली. ती तुम्हाला जेवू घालत होती हे मला माहीत नव्हतं.

तर बाकीचं अर्धं. बाकीच्यात एवढंच आहे: समितीच्या आठ-नऊ दिवस आधी मी दोन्ही सापांच्या गळ्यातले धागे कात्रीने कापले. मळकट दिसत होते. बरणी स्वच्छ दिसली पाहिजे, असं मला वाटत होतं. शेपटीचे धागे मला दिसले नाहीत, नाहीतर तेही कापले असते.

लिहिलं. आता गाठी कळवाव्यात. १६ तारखेला खोली रिकामी होते आहे.

गुरम्मा

लातूर, ६ फेब्रुवारी २०२४

जहांगीरभाई,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. गाठी मला वाचता आल्या.

काल भाचीसाठी द्यायला कपाटातून माझी ठुशी काढली. लग्नातली. पन्नास वर्षांत पाचसहा वेळाच घातली असेन, कारण कॉलेजात दागिने घालून जाणं मला पटत नव्हतं. मागचा गोंडा विटला आहे. तो पाहायला ठुशी उलटी केली, तर गोंड्याच्या वर, आतल्या बाजूला, दोन गाठी, बोटभर जागा, एक गाठ.

मी खुर्चीत बसले. खाली 'नीट' परीक्षेच्या पोरांच्या मेसमध्ये ताटं वाजत होती, जेवायची वेळ झाली होती, तरी मी उठले नाही.

माझ्या वडिलांनी ही ठुशी तुमच्या वडिलांच्या दुकानात गाठवून घेतली होती. नांदेडला, जुन्या बाजारात. मी सोबत होते. तुमचे वडील एकेक मणी ओवत होते आणि धाग्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं होतं. वडिलांनी विचारलं, एवढी कामं टांगली आहेत, कुणाचं कोणतं हे कळतं कसं? ते हसून म्हणाले, "मालक, मला कुठं लिहिता येतंय? ज्या गावचं काम, त्या गावची गाठ. निलंग्याची गाठ पाहून ठेवा, हरवली तर माझ्याकडं परत येईल." वडिलांनी पाहिली. मी एकोणीस वर्षांची बी.एस्सी. झालेली मुलगी, मी रस्त्याकडे बघत होते.

म्हणजे दोन आणि एक ही निलंग्याची गाठ. ती सतरा नंबरच्या तपकिरी सापाला आहे. माझी चिठ्ठी त्याला माहूरचा म्हणते. माझी चिठ्ठी खोटी आहे.

आता जे राहिलं ते लिहिते. एका बैठकीत लिहिते, कारण उठले तर पुन्हा बसणार नाही.

ऑगस्ट १९९६. तुमचे वडील वारले म्हणून तुम्ही रजेवर होतात. कॉलेज तपासायला समिती यायची होती. तुम्ही येईपर्यंत थांबायचं सोडून मी स्वतः बरण्या रिकाम्या केल्या. धागे कापले. दोन्ही साप एका ट्रेमध्ये धुतले, बरण्या घासल्या, नवं स्पिरिट भरलं. साप परत घालताना कोणता कोणत्या बरणीतला, हे मी पाहिलं नाही. मला वाटत होतं की दोन्ही हिरवेच, एकाचा रंग उडालेला, मग कोणता कुठे याने काय फरक पडतो? जुन्या चिठ्ठ्या फाटल्या होत्या, मी नव्या लिहिल्या आणि खाली माझं नाव घातलं.

समितीच्या दिवशी तुम्ही कामावर आलात. समितीतल्या त्या उंच गृहस्थांनी बरणीपाशी थांबून विचारलं, हे कोणी पकडले? तुम्ही म्हणालात, "मी पकडले साहेब. पर ह्या दोन बरण्या उलट्या लागल्यात." सगळ्यांसमोर. ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "परिचराने धुताना अदलाबदल केली असावी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. तुम्ही रजेवर होतात हे हजेरीपटात लिहिलेलं होतं, आणि हजेरीपट माझ्याच टेबलाच्या खणात होता. तो दाखवा एवढं तुम्ही म्हटलं असतंत, तरी पुरलं असतं. तुम्ही बोलला नाहीत. प्राचार्यांनी तुम्हाला मेमो दिला. मी त्यावर 'खरे आहे' असं लिहून सही केली. तुम्हाला वसतिगृहाच्या फाटकावर पाठवलं आणि महिनाभरात तुम्ही नोकरी सोडून बिलोलीला गेलात.

बारा वर्षं तुम्ही माझ्या विद्यार्थ्यांना साप कसा धरावा ते दाखवलं. तुमच्या वडिलांच्या मयतीला मी आले नव्हते. बरण्या धूत होते.

आता पत्र पूर्ण आहे.

गुरम्मा

नांदेड, १६ फेब्रुवारी २०२४

जहांगीरभाई,

तुमचं निवेदन अर्शीने स्वतः आणून दिलं. बिलोलीहून सकाळच्या बसने आली, दाराशी उभी राहून म्हणाली, "मी अर्शी पटवेगार." आधी नाव सांगितलं. बरं वाटलं.

निवेदनात तुम्ही चारच ओळी लिहिल्या आहेत. तपकिरी, निलंगा, लिंबोणीवर, दुपारी. हिरवा, माहूर, गडाच्या उतारावर, करवंदीच्या जाळीत, सकाळी. ऋतुजाने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मॅडम, झाड आणि वेळसुद्धा लिहिलीय. असं कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, "ते लिहीत नव्हते. बांधत होते."

मग अर्शीने तुमचा तोंडी निरोप सांगितला. तो मी इथे लिहून ठेवते, म्हणजे मी बरोबर ऐकला की नाही ते तुम्हाला कळेल.

मी तिला विचारलं होतं, "तेव्हा दादा हजेरीपटाचं का बोलले नाहीत?"

ती म्हणाली, "मी बी तेच विचारलं. म्हणले, अब्बाला जाऊन नऊ दिवस झालते. भांडायला जीवच नव्हता."

मग म्हणाली, "आणि मॅडम, मेमो फाडू नका म्हणलेत. फाडला तर काय लिहिलं होतं ते बी जाईल. त्याच्याखाली तुमचं पत्र लावा म्हणलेत. सहा तारखेचं. त्यांनी माझ्याकडं दिलंय, हे घ्या."

ती प्राचार्यांच्या दालनात माझ्या शेजारी उभी राहिली. आताचे प्राचार्य माझेच विद्यार्थी. तुमची जुनी फाईल काढायला दोन तास लागले, उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या. मेमो निघाला. त्याखाली माझं पत्र लावलं आणि आवक नंबर घातला. प्राचार्य हळूच म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं कशाला? जुनी गोष्ट आहे. साधं शुद्धिपत्रक काढू." मी म्हटलं, "तुला मी प्रॅक्टिकलमध्ये काय शिकवलं होतं? चुकलेलं खोडायचं नाही. रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची." त्यांनी शिक्का मारला.

खोली रिकामी झाली. बेडूक, गोम, दोन तोंडांचं करडू, आपला तो पांढरा पडलेला विंचू, ठिकाण न कळलेलं सगळं खड्ड्यात गेलं. मी उभी राहून पाहिलं. सतरा आणि अठरा ऋतुजाच्या गाडीत आहेत. नव्या चिठ्ठ्या मी शिसपेन्सिलीने लिहिल्या, स्पिरिटमध्ये शाई पुसते म्हणून. ठिकाण, झाड, वेळ. आणि 'संग्राहक: जहांगीर पटवेगार'. माझं नाव कुठेही नाही. ऋतुजा म्हणाली, खवले मोजले म्हणून तुमचं नाव घालते. मी म्हटलं, मोजणारे पुष्कळ मिळतील.

निवेदनासोबत तुम्ही दोन नवे रेशमी धागे पाठवलेत, गाठी मारून. गळ्यासाठी. मी ओळखले. तपकिरी सापाच्या गळ्यात निलंग्याचा धागा मी स्वतः बांधायला घेतला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा अर्शीने माझ्या हातातून घेतला, टोक दातात धरलं आणि एका झटक्यात बांधला. मी विचारलं, "हे कधी शिकलीस?" म्हणाली, "शिकायचं काय त्यात?"

एक काम राहिलं आहे. ठुशीचा धागा पन्नास वर्षांचा झाला, कुजला आहे. भाचीला अशी देता येणार नाही. लातुरात चार ठिकाणी विचारलं, सगळे मशीनवरचा धागा घालतात. दागिना टपालाने पाठवणं मला पटत नाही, म्हणून मंगळवारी सकाळच्या बसने मी बिलोलीला येते. आधी सांत्वनाला म्हणून बसेन. त्याला अठ्ठावीस वर्षं उशीर झाला आहे, तेव्हा मला पटकन काही बोलायचं सुचलं नाही तर 'राहू द्या' म्हणू नका, मला वेळ द्या. दागिन्याचं नंतर काढू.

धागा नवा घाला. गोंडा कोणत्या रंगाचा, ते तुम्ही ठरवा. गाठ तेवढी निलंग्याचीच ठेवा, आणि मारताना मला दाखवून मारा. या वेळी मी रस्त्याकडे बघणार नाही.

गुरम्मा